जाहीर इशारा: व्हेलची उलटी दडवून बसलेल्यांना

भाताच्या कणगीत, माळ्यावरच्या जुन्या ट्रंकेत, होडीच्या केबिनमध्ये किंवा मुंबईतल्या खोलीत पलंगाखाली ज्यांनी व्हेल माशाच्या उलटीचा गोळा लपवून ठेवला आहे, त्या प्रत्येकासाठी हे लिहितो आहे. तो गोळा तुमचा नाही. सापडला तेव्हाही तुमचा नव्हता आणि कितीही वर्षं जपलात तरी तुमचा होणार नाही. हाती लागल्यावर ज्यांनी तो कुठल्याही सरकारी दारात कळवला नाही, ते आज या घडीला गुन्हेगार आहेत. विकल्यावर गुन्हा होईल, तोवर नुसता ठेवायला काय हरकत आहे, अशा भ्रमात कुणी राहू नये.

शब्द कडक वाटतील. वाटू देत. मऊ शब्दांत सांगून झालं आहे, पेपरात फोटो छापून झाले आहेत, सापळे लावून माणसं उचलून झाली आहेत. तरी संध्याकाळी जेटीवरच्या टपरीवर कुणीतरी खालच्या आवाजात विचारतोच, "माल आहे, गिऱ्हाईक बघतोस काय?" सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे, मुंबई, पुणे, सांगली, सगळीकडे गेल्या काही वर्षांत या मालासकट माणसं पकडली गेली. पुण्याला समुद्र नाही, सांगलीलाही नाही. माल घाट चढून वर जातो, आणि पोलिसांच्या हाती लागतो तो बहुतेक वेळा पिशवी धरून उभा असलेला पोरगा. ज्याने गिऱ्हाईक लावलं तो त्या वेळी गाडीतून फोनवर बोलत असतो.

आता कायदा ऐका. अर्धवट ऐकीव कायद्यावर विसंबून या धंद्यात जितके बुडाले, तितके दलालांच्या गोड बोलण्यानेही बुडाले नसतील.

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे. त्याच्या दुसऱ्याच कलमात व्याख्या दिल्या आहेत आणि तिथे 'अनक्युअर्ड ट्रॉफी', म्हणजे कसलीही प्रक्रिया न केलेला प्राण्याचा अवशेष, ही एक व्याख्या आहे. तिच्यात नुकत्याच मारलेल्या जनावराचा उल्लेख आहे, कस्तुरीचा आहे आणि अंबरग्रीसचाही, म्हणजे याच उलटीचाही, आहे. अगदी नाव घेऊन. त्यामुळे "ही उलटी आहे, टाकाऊ आहे, प्राण्याचा अवयव थोडाच आहे, हिला कायदा लागू होत नाही" हे जे ज्ञान टपरीवर आणि व्हॉट्सअॅपवर वाटलं जातं, ते वाटणाऱ्याने कायद्याचं दुसरं पानसुद्धा उघडलेलं नाही. कोर्टात वकील हा युक्तिवाद करतीलही. तो त्यांचा व्यवसाय आहे. त्या युक्तिवादाचा निकाल लागेपर्यंत तुरुंगात बसायचं असतं ते तुम्हाला.

ही वस्तू ज्याच्या पोटातून येते तो स्पर्म व्हेल कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वाघ, बिबट्या, हत्ती ज्या यादीत आहेत, तीच ही यादी. 2022 साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. आजच्या घडीला पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या अवशेषाबाबत गुन्हा शाबित झाला तर शिक्षा किमान 3 वर्षं, जास्तीत जास्त 7 वर्षं, आणि दंड किमान 25,000 रुपये. किमान या शब्दावर बोट ठेवून पुन्हा वाचा. न्यायाधीशाला तुमची दया आली, घरी म्हातारी आई आहे, पोरं लहान आहेत, पहिलाच गुन्हा आहे हे सगळं पटलं, तरी कायद्याने त्याच्यासमोर 3 वर्षांचा आकडा मांडून ठेवला आहे. दुसऱ्यांदा सापडलात तर दंडच किमान 1 लाख. शिवाय ज्या गुन्ह्याला किमान कैद ठरवून दिली आहे, त्यात दंड भरून तडजोड करायची वाट कायद्याने बंद केली आहे. "साहेबांना भेटून मिटवून टाकू" असं जो सांगतो, तो तुमच्याकडून आणखी एकदा पैसे काढायला बघतो आहे.

यापुढचं कलम 57 आहे, आणि माझ्या मते अख्ख्या कायद्यात भल्याभल्यांना घाम फोडणारं ते हेच. एरवी फौजदारी खटल्यात गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर असते. इथे गोळा तुमच्या ताब्यात होता एवढं शाबित झालं की ताबा बेकायदा आहे असंच गृहीत धरलं जातं. तो कायदेशीर होता हे दाखवायचं ओझं तुमच्या डोक्यावर. आणि दाखवणार काय? परवान्याचा कागद कुठून आणाल? मुख्य वन्यजीव रक्षकाच्या आगाऊ लेखी परवानगीशिवाय असा अवशेष जवळ ठेवताच येत नाही, आणि पुळणीवर फिरताना सापडलेल्या गोळ्यासाठी आगाऊ परवानगी घेतलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे.

कुणी म्हणेल, आमच्याकडे आजोबांच्या वेळचं आहे. हकिमाने दिलेलं अंबर आहे, डबीत ठेवलंय, वास घेतो फक्त. वडिलोपार्जित साठे जाहीर करायला सरकारने 2003 मध्ये 180 दिवसांची मुदत दिली होती. त्या वेळी जाहीर केलं असेल तर कागद दाखवा. केलं नसेल तर आजोबांचं नाव पुढे करू नका, म्हाताऱ्याचीही अब्रू जाईल. व्हेलच्या हाडांनाही हेच लागू. पडवीत स्टूल म्हणून ठेवलेला मणका, दिवाणखान्यात टांगलेली बरगडी, काचेच्या कपाटातला दात, सगळं याच कायद्यात येतं. पाहुण्यांना कौतुकाने दाखवता त्या वस्तूचा फोटो एखाद्या पाहुण्याने फेसबुकवर टाकला की झालं.

मग सापडलं तर करायचं काय? कायद्याने ते स्पष्ट सांगितलं आहे. कलम 39. अशी वस्तू कोणत्याही मार्गाने हाती आली तर 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याकडे कळवायचं आणि मागितली की त्यांच्या स्वाधीन करायची. ती सरकारी मालमत्ता आहे. ती बाळगणं जसं मना आहे, तसं ती देणगी म्हणून देणं, विकणं, नष्ट करणंही मना आहे. "भानगडच नको, रात्री होडीतून नेऊन खोल पाण्यात सोडून देतो" हा जो शहाणपणा काहींना सुचतो, त्याने पहिला गुन्हा पुसला जात नाही, त्यात दुसऱ्याची भर पडते. आणि ज्या गाडीतून किंवा होडीतून माल हलवला ती गाडी, ती होडी जप्त होऊन सरकारजमा होऊ शकते. कर्ज काढून घेतलेली होडी. हप्ते तुमचे चालूच राहतील. मालकांनो, खलाशी काय घेऊन चढतो आणि काय घेऊन उतरतो यावर डोळा ठेवा. "मला ठाऊक नव्हतं" हे तुमचं वाक्य तपास अधिकाऱ्याने हजारदा ऐकलेलं आहे.

दलालांसाठी कलम 52. गुन्ह्याचा प्रयत्न करणारा आणि गुन्ह्याला साथ देणारा, दोघांनाही गुन्हेगाराइतकंच धरलं जातं. "मी फक्त दोन पार्ट्या समोरासमोर आणल्या, मालाला मी हातही लावला नाही, माझं दोन टक्के कमिशन तेवढं" असं म्हणून कुणी या कलमातून सुटत नाही. फोनमधले फोटो, व्हिडिओ, "पार्टी पक्की आहे" असे संदेश, सगळं पुरावा म्हणून समोर येतं. डिलीट केलेलंही काढता येतं.

हा सौदा कसा होतो ते एकदा जवळून बघा, म्हणजे आपण कुणाच्या हातात मान देतो आहोत ते कळेल. आधी एक व्हिडिओ फिरतो. स्टीलच्या ताटात करडा गोळा, शेजारी अंदाज यावा म्हणून पाचशेची नोट. एक हात लायटरवर सुई तापवतो, लाल झाली की गोळ्यात टोचतो. धूर निघतो, सुईला काळपट चिकट द्रव लागतो, मागून आवाज येतो, "बघा, ओरिजिनल." सुई टोचून काहीही सिद्ध होत नाही. तापलेल्या सुईला मेण वितळतं, चरबी वितळते, डांबरही वितळतं. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर तेलाच्या गाळाचे काळे गोळे येऊन पडतात, जहाजांतून सांडलेलं पामतेल गोठलं की त्याच्याही पांढऱ्या ढेपा होतात. यातल्या कशालाही ताटात ठेवून पाचशेची नोट लावली की गिऱ्हाईक तयार. खरं काय ते प्रयोगशाळा ठरवते, ताट आणि लायटर नव्हे.

मग गिऱ्हाईक येतं. महामार्गावरच्या हॉटेलचं पार्किंग, एखादी पांढरी गाडी, काच खाली, डिकीत डिजिटल काटा. पलीकडच्या टेबलावर वडापाव खाणारे दोघे पंच असतात हे तुम्हाला नंतर पंचनाम्यावर सही करताना कळतं. मोठी रक्कम दाखवणारा तो शेठ पोलिसांनी पाठवलेला बनावट ग्राहक होता हेही तेव्हाच कळतं. जवळपास प्रत्येक बातमीत हीच पद्धत आहे, आणि तरीही पोरं पुन्हा त्याच सापळ्यात जातात. कारण त्यांना सांगितलेलं असतं, एक किलोचे एक कोटी.

हा एक कोटीचा आकडाच सगळ्या अनर्थाचं मूळ आहे. त्यावर थोडं थांबू.

2021 मध्ये येमेनमधल्या एडनच्या आखातात 35 मच्छीमारांना एक मेलेला स्पर्म व्हेल सापडला. त्याच्या पोटातून 127 किलो अंबरग्रीस निघालं. ते सुमारे 15 लाख डॉलरना विकलं गेलं. जगभर बातमी झाली, आपल्याकडेही ती व्हॉट्सअॅपवरून दारोदार गेली आणि अर्ध्या किनाऱ्याची झोप उडाली. आता हिशेब करा. त्या वर्षीच्या भावाने 15 लाख डॉलर म्हणजे साधारण 11 कोटी रुपये. त्याला 127 ने भागा. किलोला साडेआठ लाखांच्या आसपास पडतात. हे उघड बाजारात, लपवाछपवी न करता विकलेल्या मालाचं. जुन्या, पांढुरक्या, उत्तम प्रतीच्या तुकड्याला याहून जास्त मिळतं हे खरं. पण किलोला कोटी हा भाव मिळालेला माणूस तुम्ही पाहिला आहे का? तुमच्या ओळखीतला कुणी? त्याच्या ओळखीतला? हा भाव जप्तीच्या प्रेसनोटमध्ये असतो, दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यात असतो आणि दलालाच्या तोंडी असतो.

आमच्या पत्रकारितेच्या पेशातल्या मंडळींनाही इथेच बजावतो. "पाच कोटींची उलटी जप्त" हा मथळा म्हणजे दलालाची फुकट जाहिरात आहे. ज्या वस्तूचा या देशात कायदेशीर बाजारच नाही, तिची बाजारभावाने किंमत कोण ठरवतो? किती किलो पकडलं ते छापा, कोणतं कलम लागलं ते छापा, जामीन कधी नाकारला गेला ते छापा. किंमत छापायचं बंद करा. मथळा वाचून दुसऱ्या दिवशी पहाटे वाळूत काठीने उकरत फिरणारी पोरं मी पाहिली आहेत.

त्यातही बाजार आटत चालला आहे हे दलाल सांगत नाही. अत्तराचा वास अंगावर टिकून राहावा म्हणून पूर्वी अंबरग्रीस लागायचं. विसाव्या शतकाच्या मध्याला रसायनशास्त्रज्ञांनी त्यातला मुख्य गंध देणारा घटक कारखान्यात बनवायला सुरुवात केली. तो क्लॅरी सेज नावाच्या झुडपातल्या एका द्रव्यापासून बनतो. आज बहुतेक मोठे अत्तर उत्पादक तेच वापरतात. खरं अंबर मागणारे उरले आहेत ते थोडे शौकीन आणि आखाती देशांतले काही व्यापारी. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याआधी माल पाच हातांतून जातो आणि प्रत्येक हात आपला वाटा कापून घेतो. ज्याला सापडला, त्याच्या हाती काय उरेल याचा अंदाज तुमचा तुम्ही करा.

आणि माल खोटा निघाला तर? जमीन गहाण टाकून, बायकोच्या पाटल्या मोडून मेणाचा गोळा घेतलेल्यांची पंचाईत सगळ्यात मोठी. ते पोलिसांत जाणार कोणत्या तोंडाने? "मला बंदी असलेली वस्तू घ्यायची होती आणि त्यात मला फसवलं" ही फिर्याद लिहून देताना माणूस स्वतःचाच कबुलीजबाब देत असतो. खोटा माल विकणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर ते निर्धास्त आहेत.

"पण इंग्लंडात विकता येते" हा शेवटचा हुकमी एक्का बाहेर काढणारे असतात. खरं आहे. ब्रिटनमध्ये किनाऱ्यावर सापडलेलं अंबरग्रीस विकता येतं. संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातही स्पर्म व्हेल सर्वांत कडक यादीत असला, तरी प्राण्याला हात न लावता मिळालेलं अंबरग्रीस त्या करारातून वगळलेलं आहे. पण अमेरिकेत बंदी आहे, ऑस्ट्रेलियात आयात-निर्यातीला बंदी आहे आणि भारतात ताब्यात ठेवायलाच बंदी आहे. तुम्ही देवगडला राहता, डोव्हरला नाही. दुबईत नोकरी करणाऱ्या आपल्या माणसांनाही सांगून ठेवा: तिथे अत्तराच्या दुकानात अंबर उघड्यावर मिळतं म्हणून सुट्टीवर येताना बॅगेत टाकून आणू नका. विमानतळाच्या या बाजूला भारताचा कायदा सुरू होतो.

काहींचा राग मला समजतो. आम्ही व्हेल मारला नाही, जखमी केला नाही, समुद्राने आणून टाकलेली घाण उचलली, त्यात आमचा काय गुन्हा? प्रश्न वाजवी आहे. त्याचं उत्तर द्यायलाच हवं.

स्पर्म व्हेल आपल्या किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात सहसा येत नाही. तो खोल समुद्राचा रहिवासी. हजार मीटरहून खाली बुडी मारून तो माकूळ आणि त्याचे थोराड भाऊबंद खातो. माकुळाची चोच पचत नाही. बहुतेक चोची तो ओकून टाकतो, पण काही व्हेलांच्या बाबतीत त्या आतड्यात उतरतात, तिथे अडकतात आणि त्यांच्याभोवती थर बसत जाऊन गोळा तयार होतो. शंभरातल्या जेमतेम एक ते पाच व्हेलांत असं होतं असा अंदाज आहे. 1953 साली अंटार्क्टिकाच्या समुद्रात मारलेल्या एका व्हेलच्या पोटात 421 किलोचा गोळा निघाला होता. गोळा बाहेर पडला तर समुद्रात वर्षानुवर्षं तरंगतो. ताजा असतो तेव्हा काळा, मऊ आणि शेणासारखा वास येणारा, आणि ऊन-पाण्यात मुरत गेला की करडा, पांढुरका आणि सुगंधी.

आता अडचण अशी की हातात गोळा आला, तो वाळूत सापडला की मेलेल्या व्हेलचं पोट फाडून काढला, की जिवंत व्हेल मारून, हे गोळा सांगत नाही. सापडलेल्याला परवानगी दिली की फाडून काढलेल्यालाही तीच परवानगी मिळते, कारण दोन्ही गोळे सारखेच दिसतात. शंभरात मोजक्याच व्हेलांच्या पोटात हे सापडतं, म्हणजे एकासाठी किती पोटं फाडली जातील याचाही हिशेब करून पाहा. व्यापारी शिकारीवर 1986 पासून जगभर बंदी लागू झाली ती व्हेल संपत आले होते म्हणून. बाजार उघडा ठेवून शिकार बंद ठेवता येत नाही. कायदा बदलावा असं ज्यांना वाटतं त्यांनी खासदाराला पत्र लिहावं, जनहित याचिका करावी, मोर्चा काढावा. त्या प्रश्नाचा निकाल संसदेत लागेल. माळ्यावर पोतं ठेवून लागणार नाही.

सरकारलाही एक सुनावतो. संरक्षित समुद्री प्राणी जाळ्यात अडकला तर जाळं कापून त्याला सोडणाऱ्या मच्छीमाराला 2018 पासून महाराष्ट्रात 25,000 रुपयांपर्यंत नुकसानभरपाई मिळते. चांगली योजना आहे, कासवं आणि डॉल्फिन तिच्यामुळे वाचले. मग सापडलेलं अंबरग्रीस प्रामाणिकपणे आणून देणाऱ्यासाठीही अशीच ठरलेली, जाहीर केलेली रक्कम का असू नये? कोटीच्या आमिषासमोर नुसती पोच पावती धरून चालत नाही. कायद्यात बक्षिसाची तरतूद आहे. ती कागदावरून बंदरावर आणा.

कारण आणून देणारी माणसं आहेत. जुलै 2022 मध्ये केरळात विळिंजमच्या मच्छीमारांना समुद्रात 28.4 किलोचा गोळा तरंगताना मिळाला. बातम्यांच्या भाषेत 28 कोटींचा. त्यांनी तो होडीत घेतला, किनाऱ्यावर आणला आणि थेट सागरी पोलिसांच्या स्वाधीन केला. पुढे तो वनखात्याकडे गेला. त्या मच्छीमारांच्या घरी कुणी अधिकारी रात्री दार ठोठावायला आला नाही, कुणाची होडी जप्त झाली नाही. आपल्याकडेही 2015 मध्ये रेवदंड्याला निळा देवमासा जिवंत किनाऱ्याला लागला, 2023 मध्ये गणपतीपुळ्याला व्हेलचं पिल्लू वाळूत अडकलं, तेव्हा रात्रभर पाण्यात उभी राहून त्याला ढकलणारी माणसं याच किनाऱ्याची होती. ते दोन्ही व्हेल वाचले नाहीत. पण त्या गर्दीत पोट फाडायला सुरी घेऊन कुणी आलं नव्हतं.

तर आता ज्याच्याकडे जे आहे त्याच्यासाठी हे शेवटचं सांगणं.

ज्याला आज सापडलं, त्याने त्याला हात लावू नये, घरी नेऊ नये. जागेचा फोटो काढावा आणि ताबडतोब कळवावं. वनखात्याची 1926 ही टोल फ्री मदत क्रमांकाची सेवा आहे, पोलिसांसाठी 112 आहे. जाळ्यातून होडीवर आलं असेल तर बंदराला लागताक्षणी तांडेलाने सागरी पोलीस ठाण्यात जाऊन लेखी द्यावं आणि दिल्याची पोच, तारीख-वेळेसकट, मागून घ्यावी. ती पोच जपून ठेवावी.

ज्याने आधीच दडवून ठेवलं आहे, त्याच्यासाठी कायद्यात माफीची खिडकी नाही, हे लपवत नाही. पण वकिलाला सोबत घेऊन स्वतःहून जाणारा आणि हॉटेलच्या पार्किंगमध्ये पिशवीसकट सापडणारा, यांना कोर्ट एकाच नजरेने बघत नाही. या आठवड्यात जा. पुढच्या आठवड्यात गिऱ्हाईक येणार आहे म्हणून थांबू नका, कारण ते गिऱ्हाईक कोणाचं असेल हे तुम्हाला ठाऊक नाही.

दलालांनो, तुमच्याशी समजुतीने बोलायची वेळ गेली. तुम्ही आमच्या पोरांच्या हातात पिशवी देता आणि स्वतः गाडीत बसता. यापुढे माझ्या कानावर "माल आहे" हे शब्द आले की नाव, गाव आणि गाडीचा नंबर मी 1926 वर कळवणार. सोसायट्यांच्या चेअरमननी, सरपंचांनी, बोट मालकांनी, टपरीवाल्यांनी, लॉजवाल्यांनीही हेच करावं असं माझं जाहीर आवाहन आहे. कळवणाऱ्याने आपलं नाव गुप्त ठेवायला सांगावं, भिऊ नये. गप्प बसणाऱ्याने मात्र कलम 52 पुन्हा एकदा वाचावं, आणि आपण नुसते गप्प बसलो की साथ दिली, याचा विचार आपल्याच मनाशी करावा.

किनाऱ्यावरच्या आयाबायांना एवढंच विनवतो: घरात उग्र वास मारणारी किंवा कपड्यात गुंडाळलेली कसलीही मेणचट वस्तू नवऱ्याने, मुलाने आणून ठेवली असेल आणि "हात लावू नकोस, लाखांची आहे" असं सांगितलं असेल, तर आज रात्री जेवायला बसताना त्याच्यासमोर हा कागद ठेवा. आणि सकाळी त्याच्याबरोबर ठाण्यात जा.